सामान्य तारा

उमेदीची सगळी वर्षं त्याने तारांगणात निवेदकाचं काम केलं. दिवे मालवले, घुमटावर तारे उमटले, की त्याचा आवाज सुरू व्हायचा. शाळेची पोरं सूर्याला ‘मामुली तारा’ म्हणायची. तो त्यांना तिथेच अडवायचा. आकाशगंगेतले बहुतेक तारे लहान, लालसर, मिणमिणते. त्यांच्यापुढे आपला सूर्य चांगलाच तगडा. त्याहून राक्षसी तारेही आहेत, पण मूठभर, आणि ते लवकर जळून संपतात. हे सांगताना घरातल्याच कुणाचं कौतुक करावं तसा त्याचा ऊर भरून यायचा.

मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ऑपरेशनआधी त्याने घसा फाटेस्तोवर सगळ्या खेळाचं निवेदन रेकॉर्ड करून दिलं. आवाज घोगरा होता, पण त्याचा होता. निदान एवढं तरी मागे राहील, असं तो बायकोला म्हणाला.

जखम भरल्यावर दोघं तिकीट काढून खेळाला गेली. अंधार झाला. घुमला तो भलताच आवाज, तुळतुळीत, माणसाचा न वाटणारा: “आपला सूर्य म्हणजे अब्जावधी ताऱ्यांपैकी एक सामान्य तारा.”

तो ताडकन उठला. तोंड उघडलं, पण गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसली. पुढच्या रांगेतल्या मुली आधी दचकल्या, मग खुसुखुसु हसू लागल्या. बायकोने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

खेळानंतर व्यवस्थापक बाईंनी समजावलं. रेकॉर्डिंग खरखरायचं, लोक कुरकुर करायचे, शिवाय नवा मजकूर सोपा होता. त्याने लिहायच्या पाटीवर लिहिलं, ‘चूक आहे.’

“असेल हो दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “पण लक्ष कोण देतं?”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, तेच त्याला जास्त लागलं. बायकोने जुनं रेकॉर्डिंग मागितलं. ते केव्हाच पुसलं गेलं होतं.

बाहेर रणरणतं ऊन होतं. पुन्हा येऊन बोलू त्यांच्याशी, असं बायको घरापर्यंत म्हणत राहिली. जेवताना तिने परत विषय काढला. त्याने पाटी ओढली, खडू उचलला, आणि काहीच न लिहिता पाटी-खडू बाजूला सारले.

पुढे घरात तिचा एकटीचा आवाज उरला. मग तोही कमी होत गेला. समोरून ओ येत नसली, तर माणूस किती बोलणार?