मावशीला परवानगी नाही

प्रेसमधल्या बाइंडिंगच्या टेबलावरच्या या पोरीला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. प्रेसमध्ये धूम्रपानाला बंदी होती, पण ती कागदासाठी. मालकांचा जीव कागदात. माणसांच्या फुप्फुसांसाठी पाटी नव्हती. त्यामुळे चहाच्या सुट्टीत सगळे मागच्या जिन्यात जमत आणि झुरके मारत. रेडिओने आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता, पण गप्पा जिथे, तिथे ती. दुसऱ्याचा धूरही बाधतो यावर शाळेत तिने भाषण ठोकून बक्षीस पटकावलं होतं. ते भाषण शाळेतच राहिलं.

ताई बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, त्या संध्याकाळी रेडिओ कामावरून थेट तिच्याकडे धावली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, पण इथे मायच आडवी आली.

“थांब. तू ओढायला लागलीस?”

“मी? तुझी शप्पथ, ताई! मी नुसती उभी असते तिथे.”

“केस हुंग स्वतःचे.”

रेडिओने हुंगले. जिन्यातला सगळा धूर केसांत बसला होता.

“वेळेआधी झालीय ही. डॉक्टरांनी बजावलंय, धूर नको, त्याचा वाससुद्धा नको.”

“आंघोळ करून येते ना!”

“आज करशील. उद्या परत उभी राहणारच ना?”

रेडिओला आधी राग आला, मग रडू आलं. दुपट्यातली ती इवलीशी मूठ तिने लांबूनच पाहिली आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यातून हाका आल्या तेव्हा ती दारातच थांबली. “नाही येत. मला भाचीला घ्यायचंय.”

कारण ऐकून हशा पिकला. “अगं, आम्ही नाही का वाढलो धुरात?”

“वाढलात. पण भाचीच्या जिवावर मी कशाला पैज लावू?” असं म्हणून ती आत आली आणि एकटीच चहा प्यायली. गप्पांविना तो चहा अगदी पाणचट लागला.

संध्याकाळी ताईने तिचे केस, कॉलर, हात सगळं हुंगलं आणि बाळ तिच्या ओंजळीत ठेवलं. बाळाने जांभई दिली. रेडिओला वाटलं, एवढं मोठं बक्षीस आपल्याला आजवर कुणी दिलं नाही.

सकाळी मशीनमॅन तिच्या टेबलाशी घुटमळू लागला. जिन्यातला सगळ्यात जुना मेंबर. आज त्याची झुबकेदार मिशी गायब होती. रेडिओच्या जिभेवर दोन-चार विनोद तयारच होते.

“हसू नकोस,” तो हळूच म्हणाला. “माझी धाकटी. उचललं की तोंड फिरवते, भोकाड पसरते. बायको म्हणाली, मिशी टोचत असेल. म्हणून काल काढली.”

“मग? आली का जवळ?”

त्याने मान हलवली. “नाही. सवय व्हायला वेळ लागेल, नाही का? मिशीच असेल ना गं?”

विनोद जिभेवरच विरले. याला हो म्हणणं किती सोपं होतं!

“दादा,” ती म्हणाली, “परवा मलाही बाळाला हात लावू दिला नाही. मला कुठे मिशी आहे?”