माझ्याकडे तर दिसतंय

तात्पुरतं. – जुन्या लॅपटॉपमधल्या एका फायलीत, ओळीच्या डोक्यावर त्यानंच लिहिलेला शब्द, आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. खाली ताईच्या संकेतस्थळाचं नाव, नावापुढे आकडे... चौदा महिन्यांपूर्वीची ओळ.

सकाळी ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला, त्यावर सहज ताईचं नाव टाकलं तर पान सापडेना. जुन्यावर मात्र छान उघडलेलं – तिनं बांधलेली पुस्तकं, कापडी पुठ्ठे, खळ लागलेले तिचे हात. बारा वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला हे आज कळावं! संगणकाला नाव कळत नाही, आकडे लागतात. ते तो बाहेरच्या सूचीला विचारतो – पण त्याआधी स्वतःच्याच एका फायलीत डोकावतो, आणि तिथं सापडले की बाहेर कुणालाही विचारत नाही. ताईचं पान बनवलं त्या संध्याकाळी ते तपासायला म्हणून मी तिथं ओळ लिहिली. बाहेरच्या सूचीत आकडे उद्या भरू म्हटलं... आणि भरलेच नाहीत. चौदा महिने ताईचं दुकान माझ्या एकट्यासाठी उघडं होतं.

"अरे, एक बाई म्हणत होत्या, उघडत नाही म्हणून," ताई एकदा म्हणाली होती.

"त्यांचंच नेट रडत असेल. माझ्याकडे तर दिसतंय." वर लॅपटॉप तिच्यापुढे फिरवून दाखवला होता. तिच्याकडे साधा फोन. तिनं त्या बाईपेक्षा भावावर विश्वास ठेवला. पुढे कुणाचंच काम येईना, तेव्हा शहाणपणाही मीच शिकवला – "लोकांना नकोच असेल गं आता हे." त्यावर ती हसली होती.

पुस्तकं दाबायचा तिचा लोखंडी प्रेस न्यायला आज चार वाजता भंगारवाला येणार होता. आता सव्वातीन. सूचीत आकडे भरायला त्याला दोनच मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांची त्याला भयंकर लाज वाटली. त्यानं फोन लावला.

"बोल रे." मागे लोखंड फरशीवरून ओढल्याचा आवाज. "लवकरच आला तो. बरं झालं, जागा तरी होईल. तू म्हणालास तेच खरं, मीच उगाच कवटाळून बसले होते."

"ताई, थांब! त्याला थांबव आधी –"

आवाज थांबला. "काय झालं रे?"

चूक माझी होती, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ‘लोकांना नकोच असेल’ म्हटल्यावर ती हसली होती, हे त्यानं इतके महिने अगदी खात्रीनं धरलं होतं. तेही फक्त माझ्याकडेच दिसलं होतं की काय?