तांदळातल्या तेरा गोळ्या

"चार खोल्यांचं घर, चार माणसं बी नाहीत, अन् गोळ्यांची एक स्ट्रिप सापडून नाही राहिली. कावून नाही सापडत, मले हेच समजून नाही राहिलं."

फकिरा हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हते. त्यांचं डोकं दिवाणाखाली होतं आणि आवाज तिथूनच येत होता, पिंपात बोलल्यासारखा. दोन हातांच्या अंतरावर सिंधुताई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडायला त्यात काही नव्हतंच. आजकाल पाकिटातला तांदूळ इतका स्वच्छ येतो की खडा सापडला तर माणूस फोटो काढून ठेवील. पण हाताला काम असलं की तोंडावर कुणाचं लक्ष जात नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"स्टुलावर पाहिलं का?" त्या म्हणाल्या.

"दोन डाव पाहिलं."

"मंग फ्रिजवर?"

"पाहातो नं. पाहूनच राहिलो."

स्ट्रिप स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात होती, वीतभर खोल. सोमवारी सकाळी सिंधुताईंनी स्वतःच ती तिथे दडवली होती आणि आज बुधवार होता. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून त्यांनी खारकांच्या पुडीहून मोठी वस्तू कधी लपवली नव्हती. खारकाही नातवासाठीच असायच्या.

तो नातू, मोहित, आतल्या खोलीत मोबाइल छातीवर ठेवून पडला होता. वय बावीस. बस्तरकडे रेल्वे लाइनच्या कामावर ठेकेदाराकडे सर्वेअर. तिकडून पगारासोबत मलेरियाही घेऊन आला. पहिले चार दिवस तो स्मृति नगरला आईकडे होता. पण आई, म्हणजे सिंधुताईंची लेक रेणू, शाळेच्या ऑफिसात, परीक्षेचे दिवस, सुट्टी मिळेना, म्हणून रविवारी दुपारी तिनं त्याला जुनवानीला नानीकडे आणून सोडलं. सोबत एक पिशवी, त्यात त्याचे कपडे, मोसंबी आणि डॉक्टरचा कागद.

"हे पाह्य आई," रेणूनं चहा पिता पिता सांगितलं होतं. "तीन दिवसांची क्लोरोक्वीन झाली, ताप उतरला. आता ही दुसरी. प्रायमाक्वीन. रोज एक, चौदा दिवस. पहिली म्या आज जेवण झाल्यावर देल्ली. मलेरियाचे किडे लिव्हरमध्ये दडून बसतात म्हणे, त्याइले मारते हे. नाही घेतली तर महिना-दोन महिन्यानं ताप वापस. अन् लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच बंद करून घेऊन या, डॉक्टरीण म्हणाली."

सिंधुताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"डॉक्टरीण विचारत होती, घरात कोणाले या गोळीनं त्रास झाला का म्हणून. म्या म्हटलं नाही बाप्पा. हो म्हटलं असतं तर आधी रक्ताची टेस्ट, मंग रिपोर्टची वाट पाहा. ह्याले शनिवारी ड्युटीवर जाचं आहे."

फकिरा उठले आणि तुळशीला पाणी घालायला गेले. तुळशीला त्यांनी सकाळीच पाणी घातलं होतं. सिंधुताईंच्या मनात आलं, बरं झालं, ह्यांचं लक्ष नव्हतं.

प्रायमाक्वीन. सिंधुताईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हे नाव त्यांना एकोणचाळीस वर्षांपासून पाठ होतं. स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत असताना खांद्याला झोळी लावलेला मलेरियावाला आला होता. त्यानं बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं होतं, आठवड्यानं कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या होत्या आणि हे नाव दोनदा म्हणून दाखवलं होतं. पाच दिवसांच्या गोळ्या. सहा वर्षांच्या पोराच्या मापानं अर्ध्या केलेल्या.

त्यांच्या त्या पोराचं नाव भूपेंद्र. ह्या घरात ते कुणी घेत नसे. आधी फकिरा बायकोला "भूपेनची माय" म्हणून हाक मारत. पोरगा गेल्यावर काही महिने त्यांनी हाकच मारली नाही, नुसते येऊन उभे राहत. मग एक दिवस "रेणूची माय" म्हणाले. रेणू तेव्हा चार वर्षांची होती. भाऊ काविळीनं गेला, असं तिला सांगितलं. शेजाऱ्यांनाही तेच आणि गोंदियाकडच्या गावालाही तेच. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेच होते.

रविवारी रात्री सिंधुताईंना झोप आली नाही आणि सोमवारी उजाडताच त्या न्हाणीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मोहित, पाणी टाकू नको बरं आताच."

"क्या नानी?"

"रंग कसा हाये ते सांग."

"किसका रंग?"

"लघवीचा रे बाबू. चहासारखी आहे का?"

"नानी, मैं इंजिनियर हूँ. मेरी कुछ इज्जत है."

"इज्जत राहू दे बाजूले. पिवळी आहे का काळी?"

"पिवळी," दारामागून बारीक आवाज आला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, "लाइट यलो" असंही त्यानं सांगितलं.

त्या देवासमोर जाऊन बसल्या, पण देवाला काय सांगावं ते सुचेना. मग उठल्या आणि स्टुलावरची स्ट्रिप घेऊन तांदळात खुपसली. तेरा गोळ्या होत्या. डब्याचं झाकण त्यांनी दोनदा लावलं.

तेव्हापासून हा शोध चालला होता. सोमवारी मोहित म्हणाला, नाना, मेडिकलमधून दुसरी आणा ना, कागद आहेच. फकिरा चप्पल घालून गेले आणि अर्ध्या तासानं कोथिंबीर घेऊन परत आले. मेडिकल बंद होतं म्हणाले. मंगळवारी गेले तर म्हणे ह्या कंपनीची नव्हती. सिंधुताई मनातल्या मनात हात जोडत होत्या. नशीब साथ देतंय म्हणायचं.

एकच गोष्ट त्यांना टोचत होती, ती म्हणजे नवऱ्याचा धीमेपणा. हा माणूस म्हणजे प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवरून, निवृत्त झालेला, चौतीस वर्षांत शिफ्टला एक दिवस उशीर नाही. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांत ह्यांनी फोन करकरून रेणूला जीव नकोसा केला होता: देल्ली का, जेवल्यावरच देल्ली नं, पाणी किती प्यायला. आणि आता गोळ्याच हरवल्यात तर हे आज दिवाणाखाली पाहतात, उद्या फ्रिजवर. घरात शोधायला जागा तरी किती? एका तासात चारी खोल्या पालथ्या घालणारा माणूस तीन दिवस शोधतोय.

बुधवारी दुपारी भात टाकायला त्यांनी डबा उघडला. मापटं आत घातलं, स्ट्रिप लागली नाही. हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. शेवटी ती तळाशी सापडली, जुन्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेली.

त्यांनी ती पिशवीत गुंडाळली नव्हती.

मोहितनं स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तरी त्याला तांदळाचा डबा कुठला हे कळलं नसतं. रबर दुहेरी करून लावायची सवय ह्या घरात एकाच माणसाला होती. तोच माणूस रोज सकाळी त्याच डब्यातून मूठभर तांदूळ चिमण्यांना टाकायला घेत असे.

सिंधुताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे ह्यांना सोमवारी नाही तर मंगळवारी सापडलीच होती. सापडली, आणि ह्यांनी ती अजून खोल पुरली. वर दिवाणाखाली डोकं घालून आरडाओरड करून राहिले.

एकोणचाळीस वर्षं त्या धरून चालल्या होत्या की पोरगा गोळीनं गेला हे ह्यांना माहीत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधुताईंनीच येऊन सांगितलं होतं, पोराची लघवी काळी दिसून राहिली, पुढच्या गोळ्या राहू द्या. रात्रपाळी करून आलेले फकिरा अर्धवट झोपेत डोळे चोळत म्हणाले होते, "एकदा पेटवलेली बॅटरी कोणी अर्ध्यात विझवते का? भट्ट्या फुटतात. कोर्स म्हणजे कोर्स." कोक ओव्हनची बॅटरी, म्हणजे भट्ट्यांची रांग, पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, हे त्यांना प्लांटनं शिकवलं होतं आणि प्लांटनं शिकवलेलं त्यांनी कधी घरात वेगळं ठेवलं नाही. त्यांनी चौथी गोळी दिली. पाचवी दिली. सातव्या दिवशी पोरगा गेला.

मग सिंधुताईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्यांना वाटलं, बोलले तर घरातून पोरगा गेला तसा नवराही जाईल. आणि फकिरा कधी काही विचारत नव्हते, तेव्हा त्यांनी काविळीवरच विश्वास ठेवला असेल, ठेवू दे. आता कळलं की तेही तेच करत होते. एकाच खोलीत दोघं एकमेकांना झाकून बसलेले. त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावावा लागला.

त्यांनी स्ट्रिप पुन्हा पिशवीत घातली, रबर दुहेरी केलं आणि होती तिथे पुरली. जेवताना भात वाढत त्या म्हणाल्या, "सापडली का हो?"

"नाही नं," फकिरा ताटाकडे पाहत म्हणाले. "उद्या माळ्यावर पाहातो."

गुरुवारी संध्याकाळी रेणू आली ती धाडधाड करतच. तिला मोहितनं फोनवर सांगून टाकलं होतं.

"चार दिवस? चार दिवस ह्यानं गोळी नाही घेतली अन् तुम्ही दोघं मले आता सांगून राहिले? बाबा, तुम्ही? तुम्ही तर माह्या क्रोसिनचाही हिशोब ठेवत होते."

"हरपली त मी काय करू," फकिरा म्हणाले.

"गोळ्या काय अंगठी आहे का हरपाले? उठ मोहित. कागद घे. डॉक्टरकडे चाललो आपण, नवीन लिहून घेऊ, डबल डोस द्यावा लागला तर तोही विचारू."

डबल म्हटल्यावर फकिरा उभे राहिले. "मीही येतो."

"मीही," सिंधुताई म्हणाल्या.

"या, सारेच या. बारात घेऊन जाऊ."

नेहरू नगरच्या त्या दवाखान्यात प्रांजली नावाची तरुण डॉक्टर होती, नागपूरकडच्या ऑफिसर घरातली. मराठी पेशंट आला की ती खूश व्हायची आणि पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची. चौघं एकदम आत आले तेव्हा तिनं दोन स्टुलं मागवली.

"ताप नाही, छान. मग गोळ्या का थांबल्या?"

"हरवल्या, मॅडम," रेणू म्हणाली. "नवीन लिहून द्या. अन् राहिलेला डोस सोबतच घेतला तर चालते का?"

"नाही, अजिबात नाही. ही गोळी तशी घ्यायची नसते." डॉक्टरनं मोहितच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "काही जणांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं. त्यांना हिच्यामुळे रक्तपेशी फुटायला लागतात. तपासणी केली की कळतं, आणि तसं असेल तर गोळी वेगळ्या पद्धतीनं देता येते, आठवड्यातून एकदा, आमच्या नजरेखाली. म्हणून मागच्या वेळी विचारलं होतं तुम्हाला. तुमच्याकडे असं कोणी नाही, म्हणालात ना?"

"नाही कोणी. ह्याच्या वडिलांकडे तर नाहीच."

"वडिलांकडचं नको. हे आईकडून मुलाकडे येतं. तुमच्या माहेरचं सांगा. तुम्हाला भाऊ आहेत?"

"एक होता," रेणू म्हणाली. "लहानपणीच गेला. काविळीनं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "कावीळ कशानं झाली होती?"

रेणूला ते माहीत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. मोहितनंही मोबाइल खिशात घातला. सिंधुताईंनी तोंड उघडलं. त्यांनी बुधवारपासून हे वाक्य तयार करून ठेवलं होतं, असं काहीतरी की गोळीचं नाव येईल आणि नवऱ्याचं येणार नाही. औषध मानवलं नाही, एवढंच म्हणायचं. "ते काय झालं बाई, त्याले एक औषध..."

"थांब," फकिरा म्हणाले.

ते स्टुलावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोक ओव्हनची आच लागून लागून काळसर झालेली बोटं त्यांनी एकदा उघडली आणि मिटली.

"आधी टेस्ट लिहा, डॉक्टरीणबाई. पोट्ट्याले आता एकही गोळी देऊ नका," ते म्हणाले. मग त्यांनी बायकोकडे मान वळवली, आणि पुढचं ते डॉक्टरशी बोलले नाहीत. "भूपेनले हेच गोळी होती. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली, तू मले सांगतलं होतं. म्या आयकलं होतं, झोपेत नव्हतो. तरी दोन अजून देल्ल्या. कावीळ त मागून आली. पोरगा माह्या हातानं गेला."