ताईच्या दंडावरचं गाणं

मित्रांनो, माझ्या जाळीला पोचा आलेला दिसतो ना? मी एक जुना माइक आहे. एका तळघरातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माझा जन्म गेला. लाल दिवा लागला की मी ऐकू लागायचो. साबणाच्या आणि चपलांच्या जाहिराती ऐकून माझे कान अगदी किटून गेले होते.

मग दोघी बहिणींतली धाकटी गायला आली. स्वतःच गाणी लिहायची, चाल लावायची, गायची. आईवडील नव्हते, ताईने तिला लहानाची मोठी केली होती. लग्नानंतर नवरा मारतो, हे ताईने तिला एकटीला सांगितले होते. कुणापाशी बोलायचे नाही, असे वचनही घेतले होते. धाकटीने ते पाळले खरे, पण गप्प बसल्याची टोचणी तिला खाऊ लागली. तिने गाणे लिहिले.

आमच्याकडे आधी कच्चे गाणे गाऊन घेतात. त्यात तोंडाला येतील ते शब्द चालतात, कारण ते पुढे पुसायचेच असते. धाकटी गायली, 'ताई, तुझ्या दंडावरचा डाग पाहिला, आणि मी मुकाट जेवले.' पक्क्या गाण्यात 'ताई'ऐवजी 'सखी' म्हणायचे ठरले होते. तसे ती गायलीही, पण ते अगदीच बेचव झाले.

"जीव पहिल्यातच आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "काय करू या?"

धाकटीने दोन्ही ऐकली. बराच वेळ नखे कुरतडली.

"पहिलंच राहू द्या, दादा. ताई कुठे गाणी ऐकते?"

मला बोलता येत असते तर 'आधी ताईला विचार!' असे मी तिथेच ओरडलो असतो.

गाणे बघता बघता तोंडोतोंडी झाले. दुकानांत वाजले, बसमध्ये वाजले. 'काय धीट पोरगी आहे!' असे लोक म्हणू लागले. धाकटीला बक्षीस मिळाले, तिच्याबरोबर माझाही फोटो छापून आला. खोटे कशाला बोलू, मीही हुरळून गेलो. कबुली धाकटीची असली तरी डाग ताईचा होता, हे टाळ्यांच्या कडकडाटात कुणाच्या ध्यानातच आले नाही.

एका दुपारी धाकटी नवे गाणे गायला उभी असताना ताई आत आली. हात प्लास्टरमध्ये होता.

"यांच्या ऑफिसात सगळे ऐकत होते," ती म्हणाली. "तुझी बहीण मीच, हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? हे घरी आले, आणि... ते गाणं काढून टाकता येईल का हो?"

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. "आता ते आपल्या हातात राहिलं नाही."

"ताई, चुकलं गं माझं," धाकटी रडत म्हणाली. लाल दिवा लागलेलाच होता.

ताईने माझ्याकडे पाहिले.

"मला येऊन म्हणाली असतीस, 'चल, ऊठ', तर मी तशीच तुझ्याबरोबर निघाले असते. मी वाट बघत होते. तू याला सांगितलंस."

ती निघून गेली. धाकटी तिच्यामागे धावली, तेव्हा स्टँड कलंडला आणि मी फरशीवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. ताई त्याच घरी परत गेली. धाकटी पुन्हा इथे आली नाही. मी कपाटात पडून आहे, ओल धरली आहे. भिंतीपलीकडून ते गाणे मात्र अजून ऐकू येते.

मित्रांनो, माइक कोरडा ठेवा, त्याला आपटू नका. आणि आपल्या माणसाचे दुःख गावेसे वाटले, तर आधी त्याच्या दारात जाऊन या. लाल दिवा त्यानंतर लावा.