एकेक सुरकुती

पेंटरला चित्रकला कुणी शिकवली नव्हती. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि घरी येऊन समोर दिसेल ते काढायचं, मग ती किटली असो की चप्पल. डोळ्यांसमोर नसलेलं काही त्याने जन्मात रंगवलं नाही. चुका काढायला बायको होती. तिला रंगातलं ओ की ठो कळत नसे, पण "कान मोठा झालाय" म्हणाली की कान मोठाच झालेला असे.

लग्नाच्या वर्षी दाढीच्या आरशात बघून त्याने स्वतःचं चित्र काढलं. त्यात मात्र तिने एकही चूक न काढता ते भिंतीवर लावलं.

चाळीस वर्षांनी तिची स्मरणशक्ती गेली. घरातल्या नवऱ्याला ओळखेना, पण भिंतीवरच्या नवऱ्याशी दिवसभर गप्पा. पेंटर घास भरवायला गेला की म्हणायची, "आजोबा, आधी ह्यांना वाढा. दमून आलेत."

मुलगी म्हणाली, "बाबा, असू दे ना. खुशीत आहे ती."

पण पेंटरचा जीव जळत होता. स्वतःच्याच चित्रावर जळणारा असा वेडा दुसरा नसेल. तिने एकदा, फक्त एकदा आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग त्याने शक्कल लढवली. दुपारी ती झोपली की तोच आरसा घ्यायचा आणि चित्रावर एक सुरकुती चढवायची. ती वाळली की दुसरी. इतकं सावकाश, की तिला कळूही नये आणि एक दिवस चित्रातला माणूस शेजारच्या खुर्चीत सापडावा. दोन महिने ती चित्राशी बोलत राहिली. पेंटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शेवटी त्याने भुवया पांढऱ्या केल्या. ती उठली. चित्राकडे पाहिलं, पेंटरकडे पाहिलं.

"अगदी हुबेहूब काढलंत हो स्वतःला," ती म्हणाली. "पण आजोबा, इथे आमचे हे होते. ते कुठे गेले?"

पेंटरने रंग खरवडून बघितला, तर खालचा गालही सुटून आला. ब्रश घेऊन आरशात पाहिलं. आरशात म्हातारा होता. पंचविशीतला तो गाल कसा होता, हे त्याला काही केल्या आठवेना. तो ओक्साबोक्शी रडला.

"रडू नका, आजोबा," ती म्हणाली आणि दाराकडे तोंड करून बसली. "येतीलच ते. पाट्या रंगवायला गेलेत."