कुडीसकट हेडफोन

हेडफोन राजेश्रीसाठी आणला होता, पण आधी चढला तो जीवनच्या डोक्यावर. जीवन म्हणजे तिचा नवरा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. गंगाखेडच्या बाजारातून स्वारी हेडफोन घालूनच मोटारसायकलवर घरी आली. मग सासऱ्यांनी, बन्सीधररावांनी, टोपी काढून घालून पाहिला. शेजारची रेणुका विरजण मागायला आली होती, तिनेही हौस भागवून घेतली. ज्या बाईला तो घालून रोज दिवसभर बसायचं होतं तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला, आणि तोवर हेडफोन उत्तम आहे यावर घराचं एकमत होऊन गेलं होतं.

"कसला फिट बसायलाय बघ," जीवन म्हणाला. "मुंडकं हालवलं तरी हालत न्हाई. बाजूला लाईट बी लागतेत."

लाईट लागत होते, खोटं कशाला बोला. लाल आणि निळे. कानाबाहेर लागणाऱ्या लाईटचा ऐकणाऱ्या माणसाला काय उपयोग, हे मात्र कुणी विचारलं नाही.

राजेश्री पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून फोन घ्यायची. कुणाचा मिक्सर जळाला, कुणाचा पंखा फिरेना, कुणाचं पार्सल फुटकं आलं, की ते लोक चिडून फोन करायचे आणि शिव्या राजेश्रीने ऐकायच्या. तरी तिला ते काम आवडायचं. बीकॉम झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणत होतं. अडचण एवढीच की घर कारखान्याच्या रस्त्याला लागून. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत दारावरून जायचे, आणि प्रत्येक ड्रायव्हरने स्पीकर असे लावलेले की भिंतीवरची ताटं थरथरावीत. कानात खुपसायच्या बोंडांनी तिथे भागत नव्हतं. अख्खा कान झाकणारा, तोंडापुढे माईक असलेला हेडफोनच पाहिजे होता, आणि तो तिने घरात मागितला होता. इथवर सगळं ठीक होतं.

पण राजेश्रीच्या कानात कुड्या होत्या. सासूने, पार्वतीबाईंनी, लग्नात घातलेल्या, सोन्यात मढवलेल्या मोत्यांच्या. पुढे मोत्यांचा घोस, मागे जाड दांडी आणि तिच्यावर फिरकी. जीवनच्या हेडफोनची गादी कानाभोवती बसायची नाही, कानावर बसायची. पुढून मोती पाळीत दाबले जायचे आणि मागून फिरकी कातडीत रुतायची. दुपारपर्यंत कुणीतरी चिमटा घेऊन तो सोडायचं विसरून गेल्यासारखं व्हायचं.

तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, कान दुखायलाय म्हणून. जीवन म्हणाला, "नवा हाय, ढिला हुईल." बन्सीधरराव म्हणाले, "बसून तर काम हाय, त्यात काय दुखायचं?" आणि पार्वतीबाई म्हणाल्या, "सवय न्हाई तुला." तिने पुन्हा सांगितलं. परत तेच. दुखणं तिच्या कानात, आणि ते आहे की नाही हे ठरवणारे तिघं बाहेर बसलेले!

एकदा तिने कामापुरत्या कुड्या काढून ठेवल्या. नेमकी त्या दिवशी रेणुका आली, पडद्याआडून डोकावली, आणि संध्याकाळी नळावर तिने चार बायांत पार्वतीबाईंना विचारलं, "काकू, सुनंच्या कुड्या मोडल्या का हो?" झालं! पार्वतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "मोकळ्या कानाची सून माझ्या घरात फिरायची न्हाई," त्यांनी बजावून टाकलं. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. त्या भागात सोनं अंगावरून गेलं की लोक घराची झडती घेतल्यासारखं बोलतात. पण त्यांच्या इभ्रतीची फिरकी राजेश्रीच्या कानामागे रुतत होती, त्याचं काय करायचं?

मग ती मध्येच हेडफोन उचलून धरू लागली, कानाला जरा वारा लागावा म्हणून. तेवढ्यात तिकडचं गिऱ्हाईक 'हॅलो, हॅलो' करून फोन आपटायचं. शेवटी तिचे साहेब सिद्धोधन यांचा फोन आला. माणूस सभ्य होता. "मॅडम, तुमचं बोलणं चांगलं आहे. पण कॉल फार तुटतायत. तुम्हाला कायम करायचं की नाही ते येत्या आठवड्यात ठरणार आहे. सोमवारपासून असं झालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही." आता त्यांना काय सांगणार, सासूच्या कुड्या टोचतात म्हणून?

त्या रात्री जेवताना तिने दुसऱ्या हेडफोनची गोष्ट काढली.

"एक हाय की घरात," जीवन भाकरी मोडत म्हणाला. "येवढं दुखत असंल तर सोड काम."

किती सहज म्हणाला! मीठ दे म्हणावं तसं. राजेश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताटावरून उठली नाही, भांडली नाही, मनातल्या मनात पर्समधले पैसे मोजू लागली.

रविवारी ती एकटीच बाजारात गेली. पंधराशेच्या आतलं काहीही चालेल, पण घेईन ते माझ्या कानाला विचारून, असं ठरवूनच गेली. पप्पूशेठला दाखवायला जुना हेडफोन पिशवीत घेतला. पप्पूशेठ म्हणजे मोबाईलच्या दुकानाचा मालक. जीवनला हेडफोन विकणारा तोच.

"या वहिनी," म्हणत त्याने डबे मांडले. "हे बघा, लय बेस, गाणं छातीत वाजतंय. पोरं उड्या टाकायलेत ह्याच्यावर. पण त्या कुड्या काढा आधी, म्हंजे नीट कळंल."

राजेश्रीचा हात सवयीने कानाकडे गेला. आणि तिथेच थांबला. सगळ्या बाया हेच करत असणार! दुकानात कुड्या काढायच्या, हेडफोन मऊ लागला म्हणून पैसे मोजायचे, आणि घरी जाऊन कुड्या घालून रडत बसायचं.

"न्हाई काढत," ती म्हणाली. "मी दिवसभर कुड्या घालून बसते. दुकानात बी तशीच घालून बघणार."

पहिला हेडफोन तिने घातल्या घातल्या काढला. मोती दबले. दुसरा मोठा होता, पण त्याची रेक्झिनची गादी थोड्या वेळात अशी तापली की कानाला घाम फुटला.

"वहिनी, दोन मिनटं घातलं की कळतंय हो," पप्पूशेठ म्हणाला.

"मला दोन मिनटं न्हाई घालायचा. खुर्ची द्या. मी बसते तासभर."

"तासभर? हे दुकान हाय, दवाखाना न्हाई." मोबाईलचं कव्हर बदलायला आलेले दोघे खो खो हसले.

राजेश्री हसणाऱ्यांकडे वळली. "तुमी चप्पल घेताना चालून बघता का न्हाई? मग मी बसून बघितलं तर काय दात काढायलात?"

कोपऱ्यात एक धूळ बसलेला डबा होता, तो तिने स्वतःच ओढला. आतला हेडफोन राखाडी, दिसायला अगदी बावळा. ना लाईट, ना चकाकी. पण हातात हलका लागला. वाटीसारखा खोलगट, बोटं आत घातली तर बुडत होती, आणि गादीला कापड होतं. पट्टी ओढली की बेताने उघडायची, डोक्याला आवळत नव्हती. "त्यात बेस न्हाई वहिनी, ते कुणीच घेत न्हाई," पप्पूशेठ म्हणाला. तिने घातला. कान आत गेला, कुडी आत गेली, फिरकीला काही लागलं नाही. ती खुर्ची ओढून भिंतीला टेकून बसली.

पप्पूशेठने काय केलं असेल? जीवनला फोन लावला. वहिनी दुकानात बसून राहिल्यात, म्हणाला. बाई दुकानात वस्तू पारखत बसली की पुरुषांना कुणाला तरी कळवावंसं वाटतं. जीवन तावातावाने आला.

"ऊठ! काय तमाशा लावलायस? लोकं बघायलेत."

राजेश्रीने हेडफोन काढला, शांतपणे काउंटरवर ठेवला. मग उजव्या कानाची फिरकी सोडवली, कुडी हातात घेतली.

"आगं, बाजारात कान मोकळा—"

"बसा हितं," ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की जीवन बसला. तिने पिशवीतून जुना हेडफोन काढला. फिरकी दांडीवर चढवली, ती कातडीकडे येईल अशी कुडी त्याच्या कानाच्या पाळीमागे धरली आणि वरून हेडफोन दाबून बसवला. "आता काढायचा न्हाई. तुमीच म्हणलेलं, लय फिट हाय."

जीवन आधी हसला. पप्पूशेठकडे बघून डोळाही मारला. मग मान जरा तिरपी केली. मग दुसरीकडे केली. मग त्याचा हात वर गेला.

"हात खाली," राजेश्री म्हणाली.

अजून एक फोनही संपला नसता, एवढ्यात त्याने हेडफोन ओरबाडून काढला. कान लालबुंद झाला होता. "आयला, लय टोचतंय की हे!" तो कान चोळत म्हणाला, आणि वर म्हणतो कसा, "येवढं दुखतंय तर आधी सांगायचं ना मला!"

राजेश्री त्याच्याकडे बघतच राहिली. आधी सांगायचं! महिनाभर ती काय भिंतीशी बोलत होती? तिने कुडी परत कानात घातली, राखाडी हेडफोनचे पैसे आपल्या पर्समधून मोजले आणि त्याच्या मोटारसायकलवर न बसता चालत घरी निघाली.

ती पोहोचली तेव्हा जीवन ओट्यावर बसला होता आणि आईला सगळं सांगत होता. अगदी मनापासून. "आत्याबाई" म्हणून राजेश्री ज्यांना हाक मारायची त्या पार्वतीबाई खोबरेल तेलाची वाटी कोमट करून घेऊन आल्या होत्या आणि लेकाचा कान उजेडाकडे वळवून बघत होत्या.

"बघू रे. बया, कसा लाल झालाय!" मग सुनेकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "लयच टोचतंय म्हणायलाय गं हा. कामापुरत्या काढून ठेवत जा बाई कुड्या. रेणुकीला काय सांगायचं ते मी सांगन."

इतकं सोपं होतं ते. एका वाक्याचं काम होतं. राजेश्रीने पिशवी खाली ठेवली.

"न्हाई काढत," ती म्हणाली.

"आता काय झालं? मीच म्हणायले ना काढ म्हणून?"

"माझा कान महिनाभर दुखला, तवर कुड्या घराच्या इभ्रतीच्या होत्या. आन् तुमच्या लेकाचा घटकाभर दुखला, तर लगेच काढायच्या झाल्या? न्हाई काढत आत्याबाई. कुडीसकट बसंल असा हेडफोन मी माझ्या पैशानं आणलाय. उद्यापासून त्योच घालीन, आन् कुड्या बी घालीन."

जीवन काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सासूच्या समोर जाऊन बसली, केस मागे सारले, कान पुढे मुडपून धरला.

"आन् तेल लावायचंच असंल, तर हितं लावा."

कानामागे फिरकीने कातडी सोलून काळा-जांभळा व्रण पडला होता, कडेने सुकलेलं रक्त होतं. पार्वतीबाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला. वाटीत बुडवलेलं बोट तसंच राहिलं, आणि बराच वेळ ते वर उचलायचं धाडस त्यांना झालं नाही.