ज्याच्या हातात चाबी

मी एक जुनी पितळी चाबी आहे. आता मी कुठलंच कुलूप उघडत नाही. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात, मोडक्या खाटांच्या खोलीत, खिळ्याला लटकलेली असते. दार आपटलं की भिंतीवर जराशी वाजते, तेवढाच माझा आवाज. पण मित्रांनो, एके काळी मी एका बाईला तीन वर्षं जागच्या जागी बांधून ठेवलं होतं.

बाजारातल्या मुंजाजी चाबीवाल्यानं मला कानशीनं घासून घडवलं. मूळ चाबी हरवली, तिच्या जागी मी आले. वॉर्डातल्या औषधाच्या कपाटाला लागले, आणि थोड्याच दिवसांत कपाटातली इंजेक्शनं नाहीशी झाली. चोर काही सापडला नाही. चोर सापडला नाही की नियम सापडतो. मालक डॉक्टर व्यंकटराव यांनी वॉर्डात उभं राहून सांगितलं, "ज्याच्या हातात चाबी, त्याची ड्यूटी. भिंतीला टांगायची नाही, टेबलावर ठेवायची नाही. हातातून हातातच द्यायची."

तेव्हापासून मी सिस्टर केशरबाईंच्या कमरेला राहू लागले. पांढरी साडी, पायांत झिजलेल्या चपला, बोलणं कमी. गाव चुडावा. तिथं त्यांची आई मनकर्णा एकटी राहायची. केशरबाई दवाखान्यामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. दोघींच्या मध्ये रेल्वेचा थोडासा रस्ता, आणि मी.

मला माणसांचा हिशेब ठेवायची खोड आहे. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या. डॉक्टरसाहेब पाहुण्यांना सांगायचे, "केशरबाई म्हणजे आपल्या घरचं माणूस!" हे जमा. घरच्या माणसाचा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा पालथा असायचा. हा खर्च. केशरबाई कपाबद्दल कधी बोलल्या नाहीत. कौतुकाबद्दलही नाहीत. नुसता अंगठा माझ्यावरून फिरवत राहायच्या. माझे दात मुंजाजीनं घासले त्याहून जास्त त्यांनीच गुळगुळीत केले.

त्यांची पाळी सोडवायला राणीसावरगावहून दुसरी सिस्टर, सरजाबाई यायची. पण ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कधी मोर्चा, कधी बंद, कधी दगडफेक. एसटी थांबली की सरजाबाई थांबायची. सरजाबाई थांबली की मला घ्यायला हात नसायचा, आणि केशरबाई पुन्हा वॉर्डात उभ्या. जेवताना ताट अर्धं सोडून त्या कपाट ओढून बघायच्या. खोलीत पाठ टेकली तरी हात कमरेला यायचा, मी आहे ना म्हणून.

कंपाउंडर रंगनाथ चिडवायचा, "सिस्टर, तुमचं लगीन या चाबीसंगंच लागलंय बघा."

"लागलं आसतं तर माहेरी तरी धाडली आसती तिनं," केशरबाई म्हणायच्या.

सगळे हसायचे. मी हसले नाही.

मनकर्णाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दर हिवाळ्यात पूर्णेला डोळ्यांचं शिबिर भरायचं. केशरबाईंनी आईला सांगून ठेवलं, "औंदा मी येते. माझ्याबिगर कुणाच्या हातानं जाऊ नको." म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. त्या दिवशी एसटी बंद होती, सरजाबाई आली नाही. शिबिर उठलं. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुम्हीच गेलात तर दवाखाना कुणाच्या भरवशावर? घरच्यासारख्या ना तुम्ही?" म्हातारी पुन्हा बसून राहिली. त्या उन्हाळ्यात डावा डोळा पिकून गेला तो गेलाच.

खबर आली तेव्हा केशरबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला मुठीत असं दाबलं की माझे दात त्यांच्या तळव्यात उमटले.

तिसरा हिवाळा आला. शिबिराच्या सकाळी केशरबाई रंगीत लुगडं नेसून, पिशवी घेऊन वॉर्डात उभ्या होत्या. सरजाबाईचा पत्ता नव्हता. बाहेर गाडीची वेळ होत आली होती.

डॉक्टरसाहेब राउंडला आले. त्यांची एक सवय होती. पेशंटकडे बघत बघत ते मागं हात पसरायचे, आणि जे हवं ते हातात यायचं. थर्मामीटर, पेन, टॉर्च. कोण देतं हे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. त्या दिवशीही त्यांनी सोनपेठच्या आश्रुबाच्या खाटेशी थांबून मागं हात पसरला.

केशरबाईंनी त्या हातात मला ठेवलं.

मूठ मिटली. डॉक्टरसाहेब मला आश्रुबाच्या काखेत लावणार, तेवढ्यात थबकले.

"हे काय?"

"चाबी, डॉक्टरसाहेब. हातातून हातात. मी जाते."

"आहो, असं कसं! सरजाबाई येऊ द्या की. केशरबाई! तुम्ही घरच्या..."

"घरीच जायलेय," त्या दारातून म्हणाल्या. "माय बसलीय ओट्यावर."

डॉक्टरसाहेबांनी मला रंगनाथपुढं धरलं. रंगनाथनं दोन्ही हात पाठीमागं नेले. आश्रुबा खाटेवरून म्हणाला, "साहेब, आता ड्यूटी तुमचीच की! तेवढं माझं बेडपॅन घ्या म्हणावं कुणाला तरी."

त्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांच्या कोटाच्या खिशात होते. सलाइन संपलं की हाक, ओकारी आली की हाक. त्यांना बसायला मिळालं नाही. उन्हं कलता कलता सरजाबाई आली. आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेबांनी स्वतः भिंतीत एक खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं. एवढा एक खिळा ठोकायला इतकी वर्षं लागली.

पंधरवड्यानं केशरबाई आपली ट्रंक न्यायला आल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुमची जागा अजून रिकामीच आहे." केशरबाईंनी खिडकीतला आपला कप तेवढा उचलून पिशवीत टाकला.

सोबत मनकर्णाबाई होत्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वर हिरवा चष्मा. त्यांनी विचारलं, "केशर, ती चाबी कोणची गं?"

केशरबाईंनी माझ्याकडं बोट केलं. म्हातारी भिंतीजवळ आली. राहिलेल्या एका डोळ्यानं तिनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"हीच व्हय?" ती म्हणाली. "लय बारीक हाय की गं."

मग त्या दोघी गेल्या. नंतर कपाट बदललं, कुलूप बदललं, वॉर्डाची मोडक्या खाटांची खोली झाली, मला काढायचं कुणाला सुचलं नाही. तो अंगठा पुन्हा माझ्यावरून फिरला नाही. माझ्या अंगावर आता हिरवट डाग चढलाय.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात कुणीतरी हातात काहीतरी धरून उभं असेल. त्याला शाबासकी नंतर द्या. आधी हात पुढं करा, आणि ते घ्या. त्याचीही गाडी सुटायलीय.